अमेरिकेतील अन्नजन्य बोट्युलिझम: देशपातळीवरचे आकडे कसे जमवावेत आणि कसे वाचावेत

१९९० ते २००० या अकरा वर्षांत संपूर्ण अमेरिकेत अन्नातून झालेल्या बोट्युलिझमचे, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या रोगाचे, २६३ रुग्ण नोंदले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी चोवीस, आणि दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण ०.१. रुग्ण इतके थोडे असताना या रोगासाठी स्वतंत्र देशव्यापी नोंदयंत्रणा, चोवीस तास चालू असणारा तज्ज्ञांचा सल्ला आणि प्रतिविषाचा राखीव साठा एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साथरोगशास्त्राचे विद्यार्थी हमखास विचारतात. दुर्मीळ पण जीवघेण्या रोगाचे देशपातळीवरचे चित्र कसे उभे करायचे, याची पद्धत समजली की त्या प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि ती पद्धत शिकण्यासाठी अमेरिकेइतकी जुनी व सलग नोंद क्वचितच हाताशी येते. पुढील पायऱ्या आरोग्य विभागात काम करणारे, सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी आणि आरोग्यविषयक लेखन करणारे पत्रकार यांना समोर ठेवून मांडल्या आहेत. त्यामागचे माझे मत मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो: या रोगात रुग्ण मोजण्याआधी घटना, म्हणजे एकाच दूषित अन्नातून एका किंवा अनेकांना बाधा झाल्याचे प्रसंग, मोजायला शिकावे लागते, आणि प्रत्येक घटनेमागचा पदार्थ कोणी, कसा केला व कसा साठवला, इथपर्यंत गेल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

पहिली पायरी: कोणाला रुग्ण म्हणायचे ते ठरवा

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू (प्रतिकूल स्थितीत तग धरणारे त्याचे सुप्त रूप) मातीत सर्वत्र असतात आणि ते पोटात गेले तरी निरोगी प्रौढ माणसाला सहसा काही होत नाही. प्राणवायू नसलेल्या, आंबटपणा कमी असलेल्या, ओलसर आणि पुरेशा उबदार अन्नात हे बीजाणू रुजतात, तेव्हा तयार होणारे विष माणसाला आजारी पाडते. हे विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडवते. पापण्या उतरतात, एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात, बोबडी वळते, घास गिळवत नाही, तोंड कोरडे पडते, आणि मग लुळेपणा डोक्याकडून खाली उतरत मान, हात, छाती आणि पाय यांपर्यंत पोहोचतो. ताप सहसा नसतो, स्पर्शज्ञान शाबूत राहते आणि शुद्ध हरपत नाही. आपला श्वास अडत चालला आहे हे रुग्णाला कळत असते आणि सांगता मात्र येत नाही; या रोगाबद्दल वाचताना मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. लक्षणे बहुधा दूषित अन्न खाल्ल्यापासून १२ ते ३६ तासांत दिसू लागतात, पण सहा तासांपासून दहा दिवसांपर्यंतचे अंतरही आढळले आहे.

देशपातळीवर मोजणी करायची तर व्याख्या सर्वत्र एकच हवी. अमेरिकेत रुग्णाच्या रक्तात, विष्ठेत किंवा त्याने खाल्लेल्या अन्नात विष सापडले, अथवा विष्ठेत जिवाणू सापडला, तर तो निश्चित रुग्ण धरतात. प्रयोगशाळेत निश्चिती झालेल्या रुग्णाबरोबर तेच अन्न खाऊन तशीच लक्षणे दिसलेली व्यक्तीही निश्चित रुग्णांतच मोजली जाते. लक्षणे जुळतात आणि संशयास्पद अन्न खाल्ल्याचा धागा आहे, पण प्रयोगशाळेचा पुरावा नाही, असा रुग्ण संभाव्य ठरतो. दोन्ही रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत, कारण एका वर्षाच्या अहवालात निश्चित रुग्ण आणि दुसऱ्या वर्षाच्या अहवालात दोन्ही मिळून, अशी सरमिसळ झाली की नसलेली वाढ दिसू लागते.

याच टप्प्यावर रोगाचे प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. अमेरिकेत दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या बोट्युलिझमच्या रुग्णांपैकी बहुसंख्य एक वर्षाखालची बाळे असतात. त्यांच्या आतड्यातच बीजाणू रुजतात आणि विष तेथेच तयार होते. जखमेत जिवाणू वाढून होणारा प्रकार आणखी निराळा असून तो मुख्यतः सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांत दिसतो. एकूण आकडा उचलून तो ‘अन्नविषबाधेचा’ म्हणून छापण्याची चूक वारंवार होते. ती टाळायची तर मूळ तक्त्यातला अन्नजन्य रुग्णांचा रकाना शोधून तेवढाच घ्यावा.

दुसरी पायरी: नोंद कोणत्या वाटेने वर येते ते पाहा

अमेरिकेत देशव्यापी बोट्युलिझम सर्वेक्षण १९७३ सालापासून चालू आहे. त्याची खरी ताकद कायद्यातल्या सक्तीपेक्षा औषधाच्या वाटेत आहे, असे मला वाटते. या रोगावरचे प्रतिविष औषधांच्या दुकानात मिळत नाही. डॉक्टरला संशय आला की त्याने राज्याच्या आरोग्य विभागाला कळवायचे, तेथून सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या तज्ज्ञांशी बोलणे व्हायचे, आणि मग राखीव साठ्यातून प्रतिविष रवाना व्हायचे. ज्याला औषध हवे त्याला नोंद करावीच लागते, त्यामुळे गंभीर रुग्ण सहसा नजरेतून निसटत नाही. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेल्या आणि विषाच्या सातही प्रकारांवर चालणाऱ्या सध्याच्या प्रतिविषाला २०१३ साली मान्यता मिळाली. हे प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण मज्जातंतूंना आधीच चिकटलेले विष सोडवू शकत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता, नमुने घेऊन ताबडतोब ते द्यावे लागते. उंदरांवर केल्या जाणाऱ्या पारंपरिक चाचणीला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत रुग्णाचा श्वास बंद पडू शकतो.

कोणत्याही देशाची आकडेवारी वाचण्याआधी हीच वाट कागदावर काढून पाहावी. प्रतिविष कोण देते, चाचणी कोठे होते, आणि पापण्या थोड्या जड होऊन तीन दिवसांत बरा झालेला माणूस या वाटेवर कोठे गळतो, हे लिहून काढले की त्या देशाच्या आकड्यात काय येते आणि काय राहून जाते याचा अंदाज बांधता येतो.

तिसरी पायरी: रुग्ण आणि घटना वेगवेगळ्या मोजा

१९५० ते १९९६ या काळात अमेरिकेत अन्नजन्य बोट्युलिझमच्या ४४४ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांत १,०८७ रुग्ण होते, म्हणजे एका घटनेमागे सरासरी अडीचच्या आत. १९९० ते २००० या काळातले २६३ रुग्ण १६० घटनांतले होते. नेहमीची घटना ही अशी एका घरातली, एका बरणीतली, एका किंवा दोन माणसांची असते. पण मधूनच एखादी घटना साऱ्या वर्षाचा आकडा बदलून टाकते. १९७७ साली मिशिगनमधील पाँटियाक येथे एका उपाहारगृहात बरणीबंद केलेल्या मिरच्यांमुळे ५९ जण आजारी पडले. १९८३ साली इलिनॉयमधील पिओरियात परतून गरम जागी ठेवलेल्या कांद्यामुळे २८ जणांना बाधा झाली. १९९४ साली टेक्सासमधील एल पासो येथे ३० रुग्ण झाले; तेथे ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून भाजलेले बटाटे काही दिवस तसेच बाहेर राहिले होते आणि त्यांपासून चटणीसारखा पदार्थ केला होता.

त्यामुळे वार्षिक आलेखात अचानक उंच गेलेला स्तंभ दिसला तर ‘रोग वाढला’ असे लिहिण्याआधी त्या वर्षीच्या घटना किती, हे विचारावे. घटनांची संख्या नेहमीएवढीच असेल, तर त्या वर्षी एखाद्या मोठ्या पंगतीत विष वाढले गेले, एवढाच त्या स्तंभाचा अर्थ असतो.

चौथी पायरी: सरासरी फोडून पाहा

या पायरीवर थोडे थांबावे लागेल, कारण देशाच्या सरासरीने किती मोठी गोष्ट झाकली जाऊ शकते याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. त्या २६३ रुग्णांपैकी १०३ रुग्ण एकट्या अलास्कातले होते, आणि तेथील घटना ५८ होत्या. त्या काळात अलास्काची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती, तर उरलेल्या देशाची साडेसव्वीस कोटींच्या आसपास. आता गणित करून पाहा. अलास्कात वर्षाला सुमारे ९.४ रुग्ण, म्हणजे दहा लाखांमागे साधारण १५ ते १६. उरलेल्या देशात १६० रुग्ण, वर्षाला सुमारे १४.५, म्हणजे दहा लाखांमागे साधारण ०.०५. दोहोंमध्ये जवळजवळ तीनशे पटींचे अंतर आहे. अन्नजन्य बोट्युलिझमचा देशपातळीवरचा सर्वांत मोठा नोंदलेला दर जॉर्जिया या काकेशसमधील प्रजासत्ताकाचा मानला जातो. १९८० ते २००२ या काळात तेथे ८७९ रुग्ण नोंदले गेले आणि दर वर्षाला लाखामागे ०.९, म्हणजे दहा लाखांमागे ९ इतका होता. अलास्काचा आकडा त्याहूनही वर जातो, पण अमेरिकेच्या सरासरीत तो पूर्णपणे विरघळून जातो.

अलास्कातही छेद म्हणून संपूर्ण राज्याची लोकसंख्या घेणे पुरेसे नाही. तेथील सर्वच रुग्णांचा संबंध मूळनिवासी समाजांच्या पारंपरिक पदार्थांशी होता: आंबवलेली माशाची डोकी, बीव्हरची शेपटी, सील व व्हेल यांचे मांस आणि चरबी. म्हणजे जोखीम एका समाजाच्या आहारात एकवटलेली आहे. येथे घाईने ‘जुन्या चालीरीतींचा दोष’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पूर्वी हे पदार्थ थंड जमिनीत गवताने मढवलेल्या खड्ड्यात आंबवले जात. पुढे त्या खड्ड्याची जागा प्लास्टिकच्या बादल्यांनी आणि काचेच्या बरण्यांनी घेतली, त्या घरात उबेला ठेवल्या जाऊ लागल्या, आणि घट्ट झाकणाखाली उबदार, निर्वात जागा तयार झाली. जिवाणूला नेमके तेच हवे असते. पदार्थ जुनाच राहिला आणि भांडे बदलले. प्रबोधन करायला जाणाऱ्याने एखाद्या समाजाला त्याचे अन्न सोडायला सांगण्याआधी हा फरक समजून घेतला पाहिजे.

पाचवी पायरी: विषाचा प्रकार आणि पदार्थ एकमेकांशेजारी मांडा

माणसाला होणाऱ्या अन्नजन्य बोट्युलिझमला मुख्यतः ए, बी आणि ई हे प्रकार कारणीभूत असतात, क्वचित एफ. अमेरिकेत रॉकी पर्वतरांगेच्या पश्चिमेला ए प्रकार अधिक, पूर्वेकडे बी प्रकार अधिक, आणि अलास्कात ई प्रकार, अशी ढोबळ विभागणी फार पूर्वीपासून दिसते. ती तेथल्या मातीत व पाण्यात असलेल्या बीजाणूंशी जुळते. ई प्रकाराचे नाते मासे आणि समुद्री प्राणी यांच्याशी आहे, आणि तो सुमारे ३ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यातही वाढू शकतो. म्हणून माशांच्या बाबतीत केवळ शीतकपाटावर विसंबता येत नाही. ए प्रकार बहुधा भाज्यांच्या वाटेने येतो.

अलास्का सोडून उरलेल्या राज्यांत, त्या अकरा वर्षांत ज्या घटनांमधला पदार्थ ओळखता आला त्यांतील सुमारे ९१ टक्के घटनांत तो कारखान्यात तयार झालेला नव्हता, आणि त्यांत घरी बरणीबंद केलेल्या भाज्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. बीजाणू पाण्याच्या उकळबिंदूला मरत नाहीत. त्यांचा नाश करायला १२१ अंश सेल्सिअस तापमान सुमारे तीन मिनिटे, तेही अन्नाच्या गाभ्यापर्यंत, मिळावे लागते, आणि ते दाबाखालच्या वाफेशिवाय शक्य नाही. अन्नाचा सामू ४.६ पेक्षा खाली असेल, म्हणजे ते पुरेसे आंबट असेल, तर मात्र बीजाणू रुजत नाहीत. तयार झालेले विष याउलट उष्णतेपुढे टिकत नाही. दहा मिनिटे उकळले तर ते निकामी होते. या तीन गोष्टी ज्याला पाठ आहेत, त्याला जवळजवळ प्रत्येक घटनेत नेमकी कोठे चूक झाली ते शोधता येते.

पदार्थांची यादी मात्र कधी पुरी झाली असे समजू नये. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका उपाहारगृहात तेलात बुडवून ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले. रुग्ण तीन देशांत विखुरले गेले होते आणि बहुतेकांचे निदान भलतेच झाले होते, त्यामुळे पहिल्या रुग्णानंतर सहा आठवड्यांहून अधिक काळ लोटेपर्यंत धागा कोणाच्या हाती लागला नाही. २००६ साली कारखान्यात भरलेला गाजराचा रस, २०११ साली युटामधील तुरुंगात कैद्यांनी बटाटा घालून चोरून केलेली दारू, २०१७ साली कॅलिफोर्नियातील एका पेट्रोलपंपावरचा चीजचा सॉस, असे पदार्थ या यादीत येत गेले. गृहिणीच्या बरणीपुरताच प्रश्न विचारणारी प्रश्नावली यांतला एकही पदार्थ पकडू शकली नसती.

सहावी पायरी: एक घटना मुळापासून अभ्यासा

आकड्यांच्या आतले काम कसे चालते हे पाहण्यासाठी ओहायोमधील लँकेस्टर येथील २०१५ ची घटना मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देतो. १९ एप्रिलला तेथील चर्चमध्ये सहभोजन झाले. प्रत्येक कुटुंबाने घरून काही ना काही करून आणले होते. २१ एप्रिलला तेथील रुग्णालयाने बोट्युलिझमचा संशय असलेला पहिला रुग्ण राज्याच्या आरोग्य विभागाला कळवला. पुढच्या दोन तासांत एक रुग्ण श्वास बंद पडून दगावला आणि तशाच लक्षणांचे आणखी चौघे दारात आले.

यानंतरचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रतिविष मागवले गेले आणि २५ रुग्णांना ते मिळाले. सहभोजनातले अन्न खाल्लेल्या ७७ जणांची यादी झाली. त्यांतले २९ जण व्याख्येत बसले: २५ निश्चित, ४ संभाव्य. ११ जणांना कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागले. नंतर प्रत्येकाला प्रत्येक पदार्थाबद्दल विचारले गेले, कारण संशय एखाद्या पदार्थावर असला तरी ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांच्यात किती आजारी पडले, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही. बटाट्याचे सॅलड खाल्लेल्यांत आजाराची जोखीम न खाल्लेल्यांच्या सुमारे १४ पट निघाली. तोवर भांडी रिकामी होऊन अन्न कचऱ्यात गेले होते, म्हणून चमूने चर्चच्या कचरापेटीतून नमुने उचलले. अशा १९ नमुन्यांपैकी ६ मध्ये ए प्रकारचे विष सापडले. पाच बटाट्याच्या सॅलडचे होते आणि सहावा मॅकरोनी-चीजचा, ज्याला कचऱ्यात पडल्यावर संसर्ग लागला असण्याची शक्यता होती. या शेवटच्या तपशिलासाठी मी त्या चमूचा आदर करतो, कारण प्रयोगशाळेने ‘विष आहे’ म्हटले तरी ते तेथे केव्हा आले हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

शेवटी तपास स्वयंपाकघरात पोहोचला. सॅलडासाठी वापरलेले बटाटे घरी बरणीबंद केलेले होते. बरण्या दाबाच्या भांड्यात न ठेवता नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवल्या होत्या, आणि बरणी उघडल्यावर बटाटे पुन्हा गरम केले नव्हते. पहिल्या चुकीमुळे बीजाणू जगले, आणि दुसऱ्या चुकीमुळे तयार झालेले विष तसेच ताटात गेले. ज्या हातांनी प्रेमाने सॅलड केले त्यांना दोषी ठरवून काही साधत नाही. तपासाचा अहवाल लिहिताना कृतीवर बोट ठेवावे, माणसावर ठेवू नये.

सातवी पायरी: मृत्यूचे प्रमाण काळाबरोबर वाचा

१८९९ ते १९४९ या काळात अमेरिकेत अन्नजन्य बोट्युलिझमचे सुमारे ६० टक्के रुग्ण दगावत. १९५० ते १९९६ मध्ये हे प्रमाण सुमारे साडेपंधरा टक्क्यांवर आले आणि १९९० ते २००० मध्ये ४ टक्क्यांवर. अतिदक्षता विभागातील कृत्रिम श्वसन आणि वेळेवर मिळणारे प्रतिविष ही त्याची मुख्य कारणे आहेत, पण जुन्या काळात फक्त अतिगंभीर रुग्णच ओळखले जात असत, हेही विसरू नये. शिवाय जिवंत राहिलेला रुग्ण आठवडे, कधी महिने यंत्रावर असतो. त्यामुळे रुग्णालयातील दिवस आणि कृत्रिम श्वसनावरचे दिवस हे रकाने मृत्यूच्या रकान्याशेजारी असलेच पाहिजेत.

आठवी पायरी: आपल्याकडच्या नोंदीत जागा करून ठेवा

हा रोग आपल्याकडे नाही असे समजण्याचे कारण नाही. १९९६ च्या सप्टेंबरात गुजरातमधील एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थ्यांना बोट्युलिझमसारखी लक्षणे दिसली आणि तिघांचा मृत्यू झाला. बेसनाच्या शेवेत क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा वेगळाच, पण ई प्रकारचे विष तयार करू शकणारा जिवाणू सापडला, आणि संशयित बोट्युलिझमचा उद्रेक म्हणून ती घटना वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली. शेव हा आपल्याकडे घरोघरी डब्यात असणारा पदार्थ. त्याचे नाव या यादीत येईल असे कोणाला वाटले असते?

जिल्हास्तरावर अन्नविषबाधेची रुग्णयादी भरताना उलटी, जुलाब, ताप हे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी आणखी चार रकाने आखून घ्यावेत: पापणी उतरणे, दोन-दोन दिसणे, गिळता न येणे आणि आवाज बदलणे. एकाच पंगतीतल्या दोन जणांपुढे यांपैकी कोणत्याही रकान्यात ‘होय’ आले, तर प्रतिविष देण्याआधी रक्ताचा नमुना काढून थंड ठेवावा, उरलेले अन्न भांड्यासकट ताब्यात घ्यावे, ते धुऊन टाकले असेल तर कचऱ्यात शोधावे, आणि दर काही तासांनी रुग्णाला एका दमात किती आकडे मोजता येतात ते लिहून ठेवावे. तो आकडा वीसवरून बारावर आला, तर कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला त्याच क्षणी हलवावे.